वाटीशिवाय प्रश्न नाही

माझी अक्कल एकदा कुठं चरायला गेली होती ते ऐका, पण चहा गार करू नका!

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. मी परभणीत मानसशास्त्रात एम. ए. करत होते. विषय काय, तर खेड्यातल्या बायकांचं दुःख! सर म्हणाले, "बायका रोजगार बुडवून येणार, त्यांना काहीतरी द्या. पण सगळ्यांना सारखंच."

मी स्टीलच्या वाट्या घेतल्या आणि बोरीला मैत्रिणीच्या आत्याकडे गेले. संक्रांत नुकतीच झालेली. त्या दिवसांत बायकांना वाट्या वाटल्या तर गाव त्याला काय म्हणेल? वाण! मी पुस्तकं इतकी वाचली होती, की संक्रांतच विसरले. आत्यांनी हळदीकुंकवाचं ताट आणून ठेवलं, तो मला पाहुणचार वाटला!

ओसरी भरली. एकेक बाई कुंकू लावून घेई, वाटी पदराखाली धरी, नि माझ्यासमोर बसे.

"कधी रडू येतं का?"

"अगं बया! वाण हातात आन रडायचं? लय सुख हाय. लिवा."

"झोप लागते?"

त्यावर दुसरीनं चक्क उखाणा घेतला! झोपेच्या रकान्यात काय लिहू, तिच्या नवऱ्याचं नाव? सगळ्या हसल्या, मीही हसले.

दाराआड आत्यांची जाऊ उभी होती, गयाबाई. वर्षापूर्वी नवरा गेलेला. बायका पांगल्यावर ती पुढं आली. मी झटकन वाटी पुढं केली. तिनं हात मागं घेतले.

"वाण सवाष्णीचं असतंय, बाई. वाटी नगं. नुसतं इचारा. सकाळधरनं उभी हाय. मला कुणी इचारतच न्हाई."

आणि मी काय म्हणावं? सर म्हणाले होते ना, सगळ्यांना सारखं!

"वाटी घ्यावीच लागेल हो. वाटीशिवाय प्रश्न विचारता येत नाहीत. नियम आहे."

ती "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाली, आणि सगळ्यांच्या कपबशा गोळा करून आत गेली.

बंदमुळं एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून मी घाईनं निघाले. गाडीत बसल्यावर डोक्यात उजेड पडला: नियम वाटीचा होता, विचारायला कुणाची बंदी होती? उतरून परत जायचं सोडून मी तिकीट काढलं!

सरांनी कागद चाळले. "काय हो, बोरीत एकही दुःखी बाई नाही?"

"होती, सर. तिला मी गप्प बसवून आले."