मामाजींची खतपट्टी

ज्याने आयुष्यभर इतरांचे निबंध तपासले, त्याने साठीनंतर स्वतः लेखणी उचलावी हे धार्ष्ट्याचेच. वाचकांनी क्षमा करावी. पण माझ्या सासऱ्यांइतका न्यायाचा हव्यास असलेला माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नाही, आणि ते कोणीतरी लिहून ठेवायला हवे. मामाजी अमरावतीत वकिली करीत. भाजीत मीठ जास्त झाले तरी स्वयंपाकघराची बाजू ऐकल्याशिवाय ते निकाल देत नसत. कुठल्याही गावी गेले की तिथल्या विहिरीचे पाणी घोटभर तोंडात घोळवून, डोळे मिटून, त्यावर अभिप्राय देत.

वरूडजवळ त्यांची संत्र्यांची बाग होती. साठ सालानंतर तिथे पांढरे रासायनिक खत आले आणि दरवर्षी जरा जास्तच पडू लागले. पावसात ते उताराखालच्या मनकर्णाबाईंच्या विहिरीत उतरे. एके वर्षी तिचे पाणी हिरवे झाले. मामाजींनी ते तोंडात घेतले आणि प्रथमच अभिप्राय न देता थुंकले.

“हे काहून झालं, बाई?”

“तुमीच सांगा, वकीलसाहेब. संत्री तुमची पिवळी होऊन राह्यली, पानी माह्यं हिरवं.”

मामाजींनी तिथेच खटला चालवला. बागेची बाजू त्यांनीच मांडली, विहिरीचीही त्यांनीच. आणि विहिरीचा वकील नामांकित असल्याने ते हरले. निकाल म्हणून खतपट्टी बसली: उतारावरच्या प्रत्येक बागायतदाराने खताच्या एका पोत्यामागे दहा घागरी गोडे पाणी वरच्या विहिरीवरून मनकर्णाबाईंच्या दारी पोचवावे. मालकाने स्वतः, गड्याकरवी नव्हे. साऱ्यांच्या शेतीचे कागद मामाजींच्या कपाटात असल्यामुळे कोणी नाही म्हणाले नाही.

“पैसे घ्या ना, साहेब,” शेजारचे पाटील कळवळले.

“पैसे देनं तुले सोपं जाते, म्हणूनच घेत नाही.”

पुढच्या हंगामात पाटलांना निम्मीच पोती पुरली. खत बेताने वापरा सांगणाऱ्या सरकारी व्याख्यानांना न जमलेले त्यांच्या दुखऱ्या मानेने केले. मामाजी मात्र सत्तरीतही धोतर खोचून आपल्या घागरी नेत. मनकर्णाबाई ओट्यावर बसून मोजत आणि वाटेत हिंदकळलेली घागर हिशेबात धरीत नसत.

ते गेले त्या वर्षी चार घागरी राहिल्या होत्या. त्या मी नेल्या. “जावईबापू, अर्धी सांडली तुमी,” बाई म्हणाल्या, पण धरली.

पुढे बाग माझ्या पत्नीच्या नावे झाली आणि आम्ही ती मक्त्याने दिली. तिथे किती पोती पडतात, हे मी विचारत नाही. मनकर्णाबाईंच्या सुना अजून त्याच विहिरीवर येतात. पाणी पुन्हा हिरवे आहे. त्या घागरी आता कोणी न्यायच्या?