खोक्यातला उजेड

जळालेली मोटर हातात घेतली की विनीत आधी ती नाकाशी धरायचा, मग उघडायचा. आतली सगळी तार सारखी काळी पडलेली असली, तर मोटर तापून गेली. एकाच जागी फुटून तांब्यावर हिरवं चढलेलं असलं, तर ओलीनं. बांद्याच्या बाजारात बारा वर्षं तो जळालेल्या मोटरींत नवी तार भरत होता, आणि त्याचं निदान सहसा चुकत नसे.

उन्हाळ्यात लोक चालत्या मोटरीला गोणपाटात गुंडाळत. तो चिडायचा.

"तुका ताप इलो तर गोधडी घेवन धावतंस काय रे? वारो लागूक दी तिका."

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. चार महिने बागेला पाणी लागत नाही, मोटर पडून राहते, आणि खाडीकाठची खारी ओल आत शिरते. त्यावर त्याचा एक उपाय होता. मोटरीवर भोकं पाडलेला लाकडी खोका ठेवायचा आणि आत पिवळा बल्ब रात्रंदिवस पेटता ठेवायचा.

आरोंद्याच्या तुळसाकाकीला त्याने हेच सांगितलं होतं. "काकी, पाऊस सरापर्यंत बल्ब पेटतोच ऱ्हवाक होयो."

तिचा नवरा गंगाराम हसला होता. "ही देवाक दिवो लावूक विसरता, मोटरीक खंयचो लावतली?"

तिने लावला. चार महिने विझू दिला नाही.

कार्तिकात विनीत मोटर सुरू करून द्यायला गेला. फाटकातूनच त्याला खोक्याच्या भोकांतून उजेड दिसला. बरं वाटलं. ओल मोजायचा मीटर त्याने गाडीच्या डिकीतून काढलाच नाही. तो पंपाकडे पोचेपर्यंत गंगारामने खोका उचलून बाजूला ठेवला होता आणि अनवाणी पायांनी चिखलात उभा राहून पंपात पाणी ओतत होता.

"चालू कर रे," गंगाराम म्हणाला. त्याचा एक हात मोटरीवर होता.

विनीतने बटण दाबलं.

जमिनीत गेलेली अर्थिंगची तार गंजून तुटलेली होती, म्हणून मोटरीवर उतरलेली वीज गंगारामच्या अंगातून गेली, हे नंतर कळलं. बल्बचंही नंतरच कळलं. श्रावणात पिवळा बल्ब गेला होता. दुकानदाराने तुळसाकाकीला पांढरा एलईडी दिला. उजेड तेवढाच, बिल कमी. पण तो तापत नाही. तिथून पुढे मोटर नुसत्या उजेडात भिजत राहिली होती.

बाराव्याच्या आत भावकीत बोलणं सुरू झालं. "बिल वाचवूक गेली आणि घोव घालवून बसली." काकीच्या कानावर ते जात होतं. मीटर डिकीतच राहिला होता, हे विनीतशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. गप्प राहिला असता, तर त्याचं दुकान चाललं असतं.

चौकशीला वीजखात्याचे साहेब आले. ओटीवर काकी होती, तिचा दीर भिकाजी होता, बोलावून घेतलेला विनीत होता.

"सुरू करण्याआधी मोटर तपासली होती?" साहेबांनी विचारलं.

"नाही," विनीत म्हणाला. "बाहेरून उजेड दिसला, म्हणून तपासली नाही."

भिकाजीने मान वर केली. काकी मात्र जमिनीकडेच बघत होती.

"मी एक दिवस बल्ब विझवूक नाय रे," ती म्हणाली.

"ठाऊक आसा, काकी. पण उजेड नको होतो. ऊब होयी होती."

काकीने आता त्याच्याकडे बघितलं.

"मगे ता तेव्हा सांगूक नाय कित्याक?"

बारा वर्षांत त्याने कितीतरी घरांत बल्ब लावायला सांगितलं होतं. कशासाठी, ते एकाही घरात सांगितलं नव्हतं. लोकांना काय कळणार, असं त्याला वाटायचं.

साहेबांनी जबाब सहीसाठी पुढे केला. विनीतने तो वाचला आणि परत दिला.

"अजून एक लिहा. बल्ब कशासाठी, ते मी यांना सांगितलं नव्हतं."

साहेबांनी लिहिलं. विनीतने सही केली. भिकाजी उठून आत गेला. काकी तिथेच बसून राहिली. विनीतला जा असंही ती म्हणाली नाही.