खालची ओळ

नागपूरला मिहानमधल्या आयटी ऑफिसात माझ्या शेजारी एक सीनियर बसायचा. माझं काही अडलं की "सरक वं जरा" म्हणून तो माझा कीबोर्डच ओढून घ्यायचा. आमचं काम प्रोग्राम लिहायच्या एका जुन्या एडिटरमध्ये चालतं. स्क्रीनवर खिडक्या उघडायच्या, मिटायच्या त्या कीबोर्डवरूनच, आणि तळाशी एक ओळ असते, तिथे कमांड द्यायच्या. माझा हात माऊसकडे गेला की तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "कॉन्व्हेंटवाल्या मॅडमले खेळणं लागते."

पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या स्क्रीनच्या चार खिडक्या केल्या, तळाच्या ओळीत एडिटरने विचारलेला एक प्रश्न उत्तर न देता उघडा ठेवला आणि चहाला निघाला. मी काहीही दाबलं तरी एडिटर नकार देत होता.

"खालची ओळ उत्तर मागून राहिली ना, दे तिले," तो दारातून म्हणाला. सगळे हसले.

मी उलटून बोलत नाहीच. घरी बसून शिकले: आधी त्या ओळीत परत जायचं, मग प्रश्न रद्द करायचा.

पुढे मी लिहिलेला एक प्रोग्राम त्याने मॅनेजरना स्वतःचा म्हणून सांगितला. आवडला तर पुढचा प्रोजेक्ट लिहिणाऱ्याला मिळणार होता.

मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर तो प्रोग्राम दाखवताना तो तळाच्या ओळीत पुढच्या फाइलचं नाव टाइप करत होता. मॅनेजरनी मध्येच विचारलं, "ही तारीख दोनदा का तपासली?" उत्तर शोधायला त्याने वरच्या खिडकीत क्लिक केलं. माऊसनेच. खालची ओळ फाइलचं नाव मागत तशीच उघडी राहिली आणि एडिटर अडून बसला. तो घाईघाईने खिडक्या वाढवत गेला. पडद्यावर खिडक्यांच्या नुसत्या पट्ट्या उरल्या.

काय अडलंय ते मला पहिल्याच क्षणी कळलं होतं. मी पाणी प्यायले, बाटलीचं झाकण नीट लावलं. त्याचे कान लाल होताना बघायला मला बरं वाटत होतं.

"कोणाला जमतंय का?" मॅनेजर शेवटी म्हणाल्या.

मी उठले. "सरका जरा, सर."

तो उठून बाजूला झाला. मी खालच्या ओळीत गेले, प्रश्न रद्द केला, जास्तीच्या खिडक्या मिटल्या.

"पहिलेच काहून नाही सांगितलं वं?" तो पुटपुटला.

"तुम्ही विचारलं नाही."

त्याने कीबोर्डसाठी हात पुढे केला. मी दिला नाही. त्या तारखेचं उत्तर दिलं, पुढच्या ओळी समजावत गेले.

"हे तू लिहिलंस?" मॅनेजरनी विचारलं.

"हो."

तो उभाच होता. त्याच्या खुर्चीत मी बसले होते.