येडी नाही, याडी

"कोणाले येडी म्हणून राह्यली वं?"

असं म्हणून मालकीण पोट धरून हसली. चुलीजवळची स्वयंपाकीण हसली. मी मागच्या दारात उभी, नाक पुसत. आपल्या आईले हाक मारली होती, बस. आमच्या तांड्यावर आईले याडी म्हणतेत. दिग्रसच्या त्या कापसाच्या जिनवाल्या मालकाच्या घरात ते येडी ऐकू गेलं. अन् याडी, जी तिथं कामाले होती, तीही सगळ्यायसंगं हसली.

वाटेत मले म्हणे, "इथं मले बाई म्हणत जाय." काहून, ते मी विचारलं नाही. सोताच्या आईले बाई! भांडेवालीले म्हणतेत तसं.

अन् त्या घरची ताई? माह्याच वयाची. तिनं तो शब्द उचलला. "याडी, वेणी घाल. याडी, गोष्ट सांग." तिच्या तोंडी तो सगळ्यायले गोड लागे. याडी लगेच ओ दे. माहा जीव जळे. अस्सा जळे! मालकिणीले दूध नव्हतं म्हणून ताईले याडीनंच पाजलं होतं. हे ती तांड्यावर मिरवून सांगे. तवा मी काय पेत होती, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

लग्न झालं. मीही त्याच मालकाच्या जिनात कापूस निवडाले जाऊ लागली. नवं मराठी राज्य झालं त्या साली बाळंत झाली. ताईही तवाच माहेरी आली, बाळंत झाली. याडी कोणापाशी गेली, सांगाले पाह्यजे काय? माहा शेक शेजारणीनं केला.

पोरगी जराशी सावरली, तशी तिले घेऊन मी त्या घरी गेली. आजीले नात दाखवाले. तेच मागचं दार. याडी ताईच्या बाळाले तेल लावत होती. माह्या पोरीकडं नुसतं पाह्यलं. हात तेलाचे हायेत म्हणे.

खाटेवरून ताई म्हणे, "याडी, तुह्या पोरीले दूध चांगलं दिसते. माहं आटलं. ठेवून घे हिले इथंच. पाजत जाईल."

मले नाही विचारलं. अन् याडी म्हणे, "पाज न वं. आपल्याच घरचं लेकरू हाय."

आपल्या घरचं! माह्या अंगाची आग झाली. बाळाचा काही कसूर नव्हता. पण गोठ्यात दुभत्या गाई बांधल्या होत्या.

"याडी!" मी ओरडली. त्या घरात इतक्या वर्षांनी पह्यल्यांदा. "हिले तू पाजत होती, तवा मी काय पेत होती?"

कोणी हसलं नाही.

याडीनं खाली मान घातली. "कण्याची पेज," म्हणे. मग हळूच, "अन् झोपून राहावं म्हणून अफूची कणी."

"माहं दूध माह्या पोरीचं हाय," म्हटलं अन् निघाली. याडी माह्यामागं आली नाही. दुसऱ्या दिवशी जिनाच्या फाटकातून मले परत धाडलं.

आता माही पोरगी भर बाजारात "याडी" म्हणून बोंब ठोकते. परवा एक दुकानदार हसला. पोरगी चपापली, माह्याकडं पाहाले लागली.

मी म्हटलं, "आणखी जोरानं म्हण."

ती जोरानं ओरडली. मी ओ दिली. तिलेच देते. दुसऱ्या कोणाच्या लेकराले देणार नाही.