डोहात घातलेली बाभूळ

आमचे मालक बैलगाड्या करणारे सुतार. जेऊरच्या अलीकडं, भीमेकाठी आमचं गाव. धरणाचं पाणी नदीत चढायला लागलं तसं माझं माहेर पलीकडं अडकलं. आधी उन्हाळ्यात लुगडं जरा वर खोचलं की वाळूतून मी आईकडं जायची. आता लांबच्या पुलावरून वळसा, एसट्या बदलण्यात सगळा दिवस जायचा; घरचं टाकून तसं निघणं जमायचं नाही. आणि आई तर अंथरुणाला खिळलेली.

“रडू नको. नाव करतो की मी,” मालक म्हणाले.

जन्मात नाव न केलेला माणूस! पण बोलले ना, झालं. मग लाकूड शोधणं सुरू. आंबा म्हणे कुजतो, कडुलिंब तडकतो. सोलापूरच्या वखारीतलं सागवान नखानं टोकरून बघितलं आणि नाक मुरडून परत आले. शेवटी बांधावरची बाभूळ मनात भरली. गाडीला चालते ती नावेला का चालू नये? तोडली, ओंडके केले आणि ओढ्याच्या डोहात दगडांखाली दाबून ठेवले. लाकूड असं पाण्यात मुरवलं की कीड लागत नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत.

“आवं, कीड लागंल तवा लागंल. तितं आई वाट बघतीय.”

“कच्च्या लाकडाला मी हात लावत न्हाय.”

मेली ती बाभूळ! गावातले लोक गूळ रांधायच्या मोठाल्या काहिली पाण्यात सोडून, त्यात बसून खुशाल पलीकडं जात होते. मी म्हटलं, मीबी बसते. तर केवढे उखडले. “सुताराची बायको काहिलीत? लोक तोंडात शेण घालतील माझ्या.” मग मी बोलणंच सोडलं. भांडून भांडून जीव शिणला होता. वाढायचं, भांडी घासायची आणि पाण्याकडं बघत बसायचं.

पावसाळ्यात धरणाचं पाणी ओढ्यात शिरलं. डोह कुठला, ओढा कुठला, काही कळेना. नदी फुगली म्हणून नाव करायला निघालेल्या माणसाला ओढाही फुगेल हे सुचलंच नव्हतं. ओंडके तळाशी, वर पाणीच पाणी. मालक काठावर नुसते उभे राहिले. मला हसूही आलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर आई गेली. निरोप उशिरा आला; एसटीनं आम्ही पोचलो तेव्हा रक्षासुद्धा सावडून झाली होती.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं, ओंडके उघडे पडले. मालकांनी बैल लावून ते ओढून आणले, एकाला रंधा मारला आणि मला हाक घातली. लाकूड काळंभोर, कुठं कीड नाही की चीर नाही.

“बघ, कसलं मुरलंय!” लई दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता. “आता आठ दिवसांत नाव करतो.”

मी लाकडावर हात फिरवला. संताप व्हायला पाहिजे होता, पण तेवढंही बळ उरलं नव्हतं.

“कुणाकडं जायला?” मी विचारलं.