चपलांपाशी ठेवलेलं अर्पण

सन दोन हजार सतरा. मी त्रेसष्ट वर्षांचा. तालुक्याच्या चर्चमध्ये कापणीचा सण होता, आणि पाळकसाहेबांनी माझ्या कापसाच्या गाठोड्यात हात घालून एक अळी बाहेर काढली. गुलाबी. जिवंत. दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली.

"आजोबा, देवाला किडका माल आणलात? मग देवाच्या सेवकानं काय खायचं, अळ्या?"

लोक हसले. बायका पदराआड हसल्या. माझा सख्खा चुलतभाऊ हसला. माझ्या बायकोनं तेवढी मान खाली घातली.

कापणीच्या सणाला आम्ही शेतातलं पहिलं पीक वेदीपुढं ठेवतो. मग आवारात त्याचा लिलाव होतो, आणि आलेलं सगळं पाळकाच्या पोटापाण्याला जातं. आमच्या घरी तर पहिल्या वेचणीचा कापूस चर्चला गेल्याशिवाय व्यापाऱ्याला दाखवतसुद्धा नाहीत. बापानं घातलेली रीत. त्या साली बीटी कापसावर बोंडअळी पडली. बियाण्याचा दुकानदार म्हणाला होता, हिला अळी शिवतच नाही. बोंडं उकलली तर आत नुसती कवडी. पिवळा, चिकटलेला, मेलेला कापूस. आम्ही दोघं नवराबायको ओट्यावर बसलो आणि त्यातलं पांढरं पांढरं वेगळं काढलं. तेच ते गाठोडं. यापेक्षा चांगलं माझ्या वावरात नव्हतंच.

हे मला तिथं बोलता आलं असतं. बोललो नाही. काऊन? नातीचं लग्न मलकापूरला ठरलं होतं. तिला बाप नाही. मुलाकडचे चर्चचे पक्के लोक. लग्न पाळकसाहेबांनी लावलं तरच लग्न, असं त्यांनी बैठकीतच बजावलं होतं. म्हणून गिळलं.

गाठोडं बाहेर ठेवा, पाळकसाहेब म्हणाले, बाकीच्या धान्यात अळी जाईल. मीच उचललं. मीच दारात चपलांपाशी नेऊन ठेवलं.

माझा बाप खळ्यावर बलुतं मागायला जायचा. पाटील सूप वरूनच ओतायचा, हाताला हात लागू नये म्हणून. अर्धं मातीत. बाप वाकून दाणा दाणा गोळा करायचा. त्यापायी त्यानं जुना देव सोडला, ख्रिस्ती झाला. या देवाच्या दारात कोणी वरून टाकत नाही, म्हणायचा.

बाप घेताना वाकला. मी देताना वाकलो.

पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. विषय बैलाचा. मळणीत फिरणाऱ्या बैलाचं तोंड बांधू नये, तसंच देवाचं काम करणाऱ्याला उपाशी ठेवू नये, असं शास्त्र सांगतं. खरं आहे. मला त्यात वावगं कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण ते बोलत होते आणि माझी नजर दाराकडं गेली. तिथं माझ्या गाठोड्याला टेकून साळूमाय बसली होती.

साळूमाय आमच्याच गावची, माझ्याहून मोठी, एकटी. पाळकसाहेब गावात येतात नाताळाला, जीपनं. बाकी वर्षभर कोणाचं लेकरू तापलं, कोणाच्या घरात भांडण पेटलं, तर जाऊन प्रार्थना करते ती. बाईमाणूस मेलं तर अंग धुते ती. कोणी भाकर दिली तर खाते, नाही तर पाणी पिऊन निजते. चर्चनं तिला कधी पसाभर ज्वारी दिली नाही. गावचं सगळं पहिलं पीक तिच्या दारावरून जाऊन एस.टी.त चढायचं.

मळणीत फिरतंय कोण? आणि खातंय कोण?

लिलाव सुरू झाला. कोहळा गेला, ज्वारी गेली, कोंबडा गेला. शेवटी बोली पुकारणाऱ्यानं दारातलं माझं गाठोडं पायानं पुढं सरकवलं. म्हणाला, घ्या लेकहो, कापसावर मटण फुकट. परत हशा.

मी उठलो. गाठोडं डोक्यावर घेतलं.

"आजोबा, ठेवा ते. अर्पण केलेलं परत नेत नसतात."

"तुमी घेतलंच कुठी, साहेब? चपलापाशी ठेवलं ते अर्पण काऊन होईन?"

पाळकसाहेब जवळ आले. आवाज हळू केला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच हळू.

"नातीचं लग्न आहे ना तुमच्या? विचार करा."

"केला."

गावाकडं परतताना धाडच्या एस.टी.त मी गाठोडं साळूमायच्या मांडीवर ठेवलं. तुझं हाये म्हणालो. तिनं दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"दे. मले काय अळी खाते? पण पोरीचं लगन मोडशीन बे तू."

बायको खिडकीबाहेर पाहत होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, सकाळी जायचं तर धुतलेलं धोतर नेसून जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मलकापूरला गेलो. व्याह्यांनी बाज टाकली, पाण्याचा तांब्या पुढं केला. मी बसलो नाही. तांब्याला हात लावला नाही. उभ्यानंच सांगितलं.

"आमच्या पोरीच्या लग्नात तो पाळक येणार नाही. आला तरी मी त्याले उभा राहू देणार नाही. लग्नाची सही सरकारी कचेरीत करू. प्रार्थना साळूमाय करन. पहिल्या पंगतीत तिचं पान मांडीन अन् पहिला आहेर तिच्या हातात देईन. कबूल असन तर पाणी पितो. नसन तर सलाम."