बटण नसलेली केबिन

माझं नाव विद्युलता. मी मूळची पुण्याची, लग्न होऊन चेन्नईला आले. पहिल्या भेटीत सासऱ्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही की स्वयंपाक येतो का ते विचारलं नाही. नाव ऐकून त्यांनी खूश होऊन मान डोलावली आणि विचारलं, "खोलीतून निघताना पंख्याचं बटण बंद करतेस की?" मी हो म्हटलं. त्या एका होकारावर माझी परीक्षा आजतागायत चालू आहे.

सासऱ्यांचं नाव वादिराज. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. घराणं तंजावरचं, त्यांचं मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळच्या शेजारी राहिलेलं, त्यामुळे पहिलं वर्षभर मला निम्मं कळायचं आणि निम्मं मी अंदाजाने भागवायचे. चेन्नईच्या गिंडी भागातल्या एका लहानशा कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे विजेची बटणं बनत, काळी, जाड, बोटाला भरीव लागणारी. अप्पांचं काम तपासणीचं. बटण दाबायचं आणि ऐकायचं. चांगलं बटण एकदाच, स्वच्छ 'टक' करतं. आवाज फाटला की माल बाजूला. पुढे गुळगुळीत पांढरी बटणं आली, कारखाना बंद पडला, पण अप्पांचं बोट काही निवृत्त झालं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये गेले तर नवरानवरीच्या आधी ते भिंतीवरचा बोर्ड बघतात. एकदा एग्मोरच्या एका हॉटेलात त्यांना आपल्या कारखान्याचं बटण सापडलं, तर शाळासोबती भेटल्यासारखे ते तिथून हलेनात.

घरी मात्र या बोटाने माझ्या नाकीनऊ आणले आहेत. लॅपटॉप चार्जिंगला लावून मी आंघोळीला जावं आणि परत येऊन बघावं तर बटण बंद. झोपायला जाताना इंटरनेटचा डबासुद्धा बंद. मी चिडले की म्हणतात, "बटण बंद तं जीव बंद. मग भय नाही." भिंतीत रात्रभर वीज जागी ठेवायची हे त्यांना दार उघडं टाकून झोपल्यासारखं वाटतं.

सासूबाई त्रिपुरसुंदरी, आम्ही त्यांना आई म्हणतो. त्यांना झोपेत श्वास अडकायचा त्रास आहे. नाकावर मास्क बांधायचा, नळी यंत्राला जोडायची, यंत्र रात्रभर हवा देत राहतं. एकही रात्र त्याच्याशिवाय झोपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. हे यंत्र आल्यापासून आईंनी घराबाहेर झोपणंच सोडलं. नात्यातल्या सहानाच्या लग्नालाही त्या तंजावरला गेल्या नाहीत. चारचौघांत ती सोंड लावून झोपायची त्यांना लाज वाटते आणि परक्या घरच्या विजेवर अप्पांचा विश्वास नाही. दोघांची कारणं वेगळी, पण मुक्काम घरीच.

अशा माणसांना जहाजावर न्यायचं खूळ माझ्या नवऱ्याचं, कार्तिकेयचं. पण त्यालाही कारण होतं. आई वाढल्या चेन्नई बंदराजवळच्या जॉर्ज टाउनमध्ये. वडील एका कागदाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते. घराच्या गच्चीवरून बंदरातल्या जहाजांची धुराडी दिसत. भोंगा झाला की हातातलं काम टाकून आई गच्चीवर धावायच्या. जहाजावरून आपलं घर कसं दिसत असेल, हा त्यांचा लहानपणापासूनचा प्रश्न. म्हणून विशाखापट्टणमला जाऊन परत येणाऱ्या जहाजाची तिकिटं काढली. आई हरखल्या, पण शेवटी मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाल्या, "विद्युल, तिथं यंत्र चाललं नाही तं मी उतरेन. मग पुन्हा कुठं मज बोलवूं नका." त्या रागाने बोलत नव्हत्या, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

अप्पा तयारीला लागले. त्यांनी स्वतः एक बोर्ड बनवला. सागवानी फळी, तिच्यावर सॉकेट, प्रत्येक सॉकेटला आपलं वेगळं बटण, आणि बटणं अर्थातच त्यांच्या कारखान्यातली, जपून ठेवलेल्यांपैकी. वायर लांबलचक. रोज एकदा तो बोर्ड लावून, टक टक करून बघायचे. मी म्हटलं, "अप्पा, आपण सहलीला चाललोय की सबस्टेशन उभारायला?" तर हसून म्हणाले, "तुझी इतकी पोरं आहेत, त्यांस दूध कोण पाजील?" पोरं म्हणजे माझा फोन, घड्याळ, कानातली बोंडकी, लॅपटॉप आणि वाचायची पाटी.

बंदरावर सामानाच्या तपासणीत नेमका तो बोर्ड बाहेर निघाला. तपासणीच्या बाई तमिळमध्ये नम्रपणे म्हणाल्या की बाहेरचा एक्स्टेंशन बोर्ड जहाजावर चालत नाही, पावती घ्या, परतताना मिळेल. अप्पांनी बटणं दाबून दाखवली, आतलं जोडकाम दाखवायची तयारी दाखवली, यंत्राचं सांगितलं. बाई म्हणाल्या, यंत्र न्या, बोर्ड नाही. मागे रांग खोळंबली होती. अप्पांनी पावती घडी करून खिशात घातली, पण त्यांचा चेहरा असा पडला की मला त्या बाईंशी भांडावंसं वाटलं. तिकिटाबरोबर आलेल्या सूचनांत हे लिहिलेलं असणार. त्या वाचायचं काम माझ्या नवऱ्याचं होतं, एवढंच नोंदवून ठेवते.

केबिन छान होती, आटोपशीर. आई खिडकीशी जाऊन बसल्या. अप्पा भिंतीकडे वळले. त्यांनी एकेक भिंत न्याहाळली, पडदा सारून बघितला, पलंगाखाली वाकले. सॉकेट होती फक्त टेबलापाशी: एक गोल भोकांचं, एक चपट्या भोकांचं आणि शेजारी फोनच्या वायरीचं बारीक तोंड. बटण एकालाही नव्हतं.

"मी असकी भिंत पाहिलों," अप्पा म्हणाले. असकी म्हणजे सगळी. "बटण नाही. हे बंद कैसं करावं?"

"बंद करायचंच नाही, अप्पा. प्लग लावायचा, काढायचा."

"म्हणजे हे असकं वेळ जागं?" त्यांनी सॉकेटकडे अशा नजरेने पाहिलं, जसं अनोळखी कुत्र्याकडे बघतात. मग दाराजवळ कार्ड खोचायची खाच सापडली. कार्ड काढलं की दिवे बंद, खोचलं की सुरू. अप्पांना परमानंद झाला. पण कार्ड काढूनही टेबलापाशी लावलेला माझा फोन चार्ज होतच राहिला, आणि तो आनंद तिथेच विरला.

खरी अडचण पुढेच होती. यंत्राची वायर टेबलापासून पलंगाच्या पायथ्यापर्यंतच पोचत होती. उशी होती दुसऱ्या टोकाला, आणि पलंग जमिनीला पक्का बसवलेला.

"उशी इकडे घेऊ," कार्तिकेय म्हणाला. "एवढं काय त्यात?"

आईंनी लगेच विचारलं, "मग डोकं कुठल्या दिशेस येतं?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. अप्पा बाहेर जाऊन सफाईच्या माणसाला विचारून आले. जहाज निघालं की त्याचं तोंड बहुतेक वेळ उत्तरेकडे, आणि पलंगाचा पायथा जहाजाच्या तोंडाकडे. उत्तरेला डोकं करून आमच्या घरात कुणी झोपत नाही, जितेपणी तरी नाही.

"आई, येताना जहाज उलटं फिरेल, तेव्हा दक्षिण होईल," कार्तिकेयने समजूत घातली.

"तं मग जाताना मी बसून राहूं?" आई म्हणाल्या. त्यांनी उघडलेली बॅग पुन्हा बंद केली आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. "सरी. चला, उतरूं. अजून निघालं नाही."

'सरी' म्हणजे तमिळमध्ये 'बरं', आणि आईंचं 'सरी' म्हणजे विषय संपला. मी सरळ फोन उचलला आणि खालच्या काउंटरला सगळं सांगितलं. मास्क, नळी, श्वास, सगळं. आईंची मान खाली गेली, पण मी थांबले नाही. तिकडून उत्तर आलं, "असं यंत्र असलं तर जहाजाची वायर मिळते, मॅडम. इलेक्ट्रिशियन येईल." इतकं सोपं होतं. फक्त तोंडाने मागायचं होतं, आणि आमच्या घरात नेमकं तेच कुणाला जमत नाही.

इलेक्ट्रिशियन आला तो तूत्तुकुडीचा निघाला, नाव अंतोनी. अप्पांना बरं वाटलं, तमिळमध्ये बोलता येणार. अंतोनीने पिवळी जाड वायर सोडली, ती थेट उशीपर्यंत पोचली. मी सुस्कारा सोडला. अप्पांनी वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली आणि मान हलवली.

"नक्को. वायरीस बटण नाही. हिच्या उशाशी मी जागी वीज ठेवणार नाही."

मी हात टेकले. कार्तिकेय काहीतरी आणायचं निमित्त करून बाहेर सटकला. अंतोनी मात्र चिडला नाही. त्याने खिशातून टेस्टर काढला आणि अप्पांना विचारलं, घरी सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर किती भोकांत दिवा लागतो?

"एकात," अप्पा म्हणाले. हे काय विचारणं झालं, असा त्यांचा सूर.

अंतोनीने टेस्टर एका भोकात घातला. दिवा लागला. मग दुसऱ्यात घातला. मिणमिणता का होईना, पुन्हा लागला.

अप्पांनी टेस्टर त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः करून बघितलं. दोन्हीकडे दिवा. अंतोनी समजावत होता आणि अप्पा मला मराठीत सांगत होते, माझ्यासाठी कमी आणि स्वतःला पटावं म्हणून जास्त. जमिनीवर एका तारेत जीव असतो, दुसरी जमिनीला बांधलेली. बटण त्या जिवंत तारेलाच तोडतं. जहाजाखाली जमीन कुठली? इथे दोन्ही तारा जिवंत. अप्पांच्या बोर्डाने एक तोडली असती, दिवा विझला असता, बटण टक म्हणालं असतं, आणि दुसऱ्या तारेत वीज तशीच राहिली असती.

अप्पा टेस्टर उलटसुलट करून बघत राहिले. मला वाटलं, संपलं. ज्या एका गोष्टीवर माणूस जन्मभर विसंबला, तीच त्याच्यासमोर खोटी ठरली होती. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाच उशीचा अभ्रा नीट करत बसले.

"म्हणजे," अप्पा हळूच म्हणाले, "इथं माझं बटण लबाड झालं असतं." आणि त्यांचे डोळे नव्या खेळण्याला हात लावायला मिळालेल्या पोरासारखे लकाकले. "मग तुम्ही बंद कैसं करतां? दोन्ही तोडायचं बटण कैसं असतं? केवढं असतं? आवाज करतं?" प्रश्नांची अशी सरबत्ती सुरू झाली की अंतोनीला घाम फुटला. विजेची खोली बघायला मिळेल का, असंही विचारून झालं. नाही मिळणार, हे ऐकून ते जरासेच हिरमुसले. अंतोनी सुटला तो हसतच.

"लाव," अप्पा मला म्हणाले. "लबाड बटणापरीस हे बरं."

जहाज सुटायला वेळ होता. आत्ताच झोपून बघा, असं मी आईंना सुचवलं, म्हणजे शंकाच नको. त्या आडव्या झाल्या. मास्क बांधला. अप्पांनी प्लग खोचला, यंत्र मंद घरघरू लागलं. आम्ही वाट बघत राहिलो. आईंचे डोळे उघडेच. छताकडे बघत होत्या.

"काय जाहलं? हवा येईना?" अप्पांनी घाबरून विचारलं.

आईंनी मास्क जरा वर उचलला. "येते. पण तुमचं टक झालं नाही की."

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. घरी आईंच्या उशाशी अप्पांनी आपल्या कारखान्यातलं बटण बसवलंय. रोज रात्री ते दाबायचं काम त्यांचं. आई मास्क लावून पडतात, टक होतं, आणि त्या डोळे मिटतात. यंत्र चालू झालं, अप्पा जागेवर आहेत, आता झोपायला हरकत नाही. सकाळी पुन्हा टक, की उठायचं. इतकी वर्षं त्या घरात राहून मी तो आवाज ऐकला होता आणि त्याला विक्षिप्तपणा म्हणत आले होते.

अप्पांनी भिंतीकडे बघितलं. बटण नव्हतंच. मग त्यांनी जीभ टाळूला लावली आणि स्वच्छ, एकदाच, आवाज काढला. टक.

आईंनी डोळे मिटले. थोड्याच वेळात खरोखरच झोपल्या. अप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले.

भोंगा झाला तेव्हा केबिनच्या काचा थरथरल्या. कार्तिकेय धावत आला, "चला, चला, सुटतंय!" आई गाढ झोपेत होत्या. मी हळूच म्हटलं, "राहू देत, अप्पा. किती दिवसांनी परक्या जागी झोपल्यात."

"ती झोपायला आली नाही," अप्पा म्हणाले आणि वाकून त्यांच्या कानाशी जिभेने टक केलं.

आईंनी लगेच डोळे उघडले. पुन्हा भोंगा झाला. त्यांनी मास्क ओढून काढला आणि केस न सावरता, चपला न घालता दाराबाहेर पळाल्या. मागोमाग अप्पा. वरच्या डेकवर आई कठड्याला धरून उभ्या होत्या, जॉर्ज टाउनच्या गच्च्यांवर बोट रोखून अप्पांना विचारत होत्या, ती का? ती का? आणि अप्पा दर वेळी हो म्हणत होते. हे कार्तिकेयने मला नंतर सांगितलं. मी स्वतः जरा उशिराने पोचले.

कारण दारातून मी मागे वळून पाहिलं. खोलीतले दिवे चालू, कार्ड खाचेतच, आणि यंत्र उशाशी एकटंच घरघरत होतं. अप्पा आयुष्यात पहिल्यांदा काहीही बंद न करता खोलीबाहेर गेले होते. मी आत गेले आणि प्लग काढला. मग कुणी बघत नाही ना ते पाहून, जिभेने एकदा टक केलं.